इंजिन गेलं, असं म्हणण्याआधी

मे महिन्यातला रविवार. अम्मींच्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी सकाळी मुंबईत ठरलं होतं. त्यांना आणायला आम्ही आदल्या दिवशी खेडजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. डिकीत आंब्यांच्या दोन पेट्या, मागच्या सीटवर अम्मी, त्यांची उशी आणि पाण्याचा तांब्या. सकाळी निघालो, कशेडीचा घाट सुरळीत पार केला, पोलादपूर गेलं, महाड गेलं. माणगाव अजून बरंच लांब होतं आणि गाडी बंद पडली.

बंद पडली म्हणजे कशी, ते नीट सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्या एका क्षणावर उभी आहे. ताशी साठच्या वेगाने गाडी चालली होती. झटका नाही, खडखडाट नाही, धूर नाही, जळका वास नाही. चालू गाडीची किल्ली कोणी गुपचूप फिरवावी, तसं इंजिन थांबलं. रस्त्यावर घासणाऱ्या टायरांचा आवाज तेवढा राहिला. समोर ऑइलचा आणि बॅटरीचा असे दोन्ही लाल दिवे लागले.

अशा वेळी पहिलं काम गाडी रस्त्याच्या कडेला घेण्याचं. इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, पण वळत नाही असं नाही. जोर लावावा लागतो. ब्रेकलाही इंजिनचीच मदत असते. ती साठवलेली मदत एकदोनदा ब्रेक दाबेपर्यंत पुरते, पुढे पेडल दगडासारखं होतं. म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा पंप करू नये, एकदाच स्थिर दाबावा. आणि किल्ली पूर्ण मागे फिरवून काढू नये, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. आम्ही गाडी डावीकडे मातीत उतरवली, चारही इंडिकेटर लावले, मागे अंतरावर लाल त्रिकोण ठेवला. जवळच्या दुकानदाराने अम्मींना पडवीत खाट दिली, माठातलं पाणी दिलं. जोहरची नमाज त्यांनी तिथेच अदा केली.

सेल्फ मारला तर इंजिन फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. आम्ही फोन लावला भाच्याला. त्यामागे एक कारण होतं आणि ते सांगताना आज लाज वाटते. आदल्या आठवड्यात दोन दिवस गाडी त्याच्याकडे होती. मदत मागण्याआधी आमच्या तोंडून निघालं, "काय केलंस गाडीचं?" तो म्हणाला, "मामू, मी काहीच केलं नाही. तुम्ही नक्की कुठे आहात ते सांगा."

संध्याकाळी मित्राची गाडी मागून तो मुंब्र्याहून आला. तोवर आमची गाडी टोचन करून हायवेलगतच्या एका गॅरेजमध्ये पोहोचवली होती. तिथल्या कारागिराने पेट्रोल फिल्टर बदलला, चारही प्लग बदलले, ऑइलचा दिवा लागला होता म्हणून ऑइलही बदललं. गाडी सुरू झाली नाही. ती तिथेच सोडून आम्ही भाच्याबरोबर निघालो. रात्री उशिरा घरी पोहोचलो, सकाळी अम्मींचं ऑपरेशन वेळेवर झालं. अल्हम्दुलिल्लाह. वाटेत भाचा फारसं बोलला नाही आणि आम्हीही नाही.

पंचेचाळीस हजारांचा निकाल

मंगळवारी गॅरेजमधून फोन आला. "कॉम्प्रेशन चेक केलं. तीन सिलिंडरांत काहीच नाही, चौथ्यात नावापुरतं आहे. पिस्टन-रिंगा गेल्या. इंजिन उतरवावं लागेल, ४५ हजार धरा."

गाडी वीस वर्षांहून जुनी. अब्बांनी निवृत्तीच्या पैशांतून २००२ साली घेतलेली. पंधरा वर्षांनी आरसी आणखी पाच-पाच वर्षांसाठी नूतन करून घेत आम्ही ती चालवत आलो. एका भंगारवाल्याने २२ हजार सांगितले. हिशेब सोपा दिसत होता: बावीस हजारांच्या गाडीवर पंचेचाळीस हजार कोण घालतो?

पण घरात दुसराच हिशेब सुरू झाला. इंजिन गेलं तर ते कोणी घालवलं? उत्तर तयारच होतं. पोराने रेस मारली असणार, मित्रांना घेऊन हायवेवर पळवली असणार. हे आम्ही एकाला बोललो, त्याने दुसऱ्याला सांगितलं आणि चार दिवसांत ते आपांच्या, म्हणजे भाच्याच्या आईच्या, कानावर गेलं. त्यांचा रोजचा फोन बंद झाला. ज्या पोराने दीडशे किलोमीटरवर येऊन अम्मींचं ऑपरेशन चुकू दिलं नाही, त्याच्याबद्दल आम्ही ही बदगुमानी केली होती. पुरावा म्हणून आमच्याकडे कॉम्प्रेशनचा एक आकडा होता आणि तो आकडा खरा होता. त्याचा आम्ही लावलेला अर्थ मात्र तपासायचा राहिला होता.

मिस्त्रींचे प्रश्न

गाडी भंगारात देण्याआधी आतलं सामान काढायला आम्ही पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. महाडमधल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी आग्रह केला की आमच्या मिस्त्रींना एकदा दाखवा, मग काय ते करा. मिस्त्री साठीच्या पुढचे. दोन शागिर्द हाताखाली. गाडी टोचन करून त्यांच्याकडे नेली, तर त्यांनी बोनेट उघडलंच नाही. आधी आम्हाला स्टुलावर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली.

"बंद पडताना झटके खाल्ले का?"

"नाही."

"आवाज? धूर? गरमचा काटा वर गेला होता?"

"नाही. किल्ली काढल्यासारखी बंद पडली."

"त्याआधी घाट चढून आलात. दम लागला होता? ऑइल कमी होत होतं? मागून निळा धूर?"

"काहीच नाही."

मिस्त्री हसले. "रिंगा झिजायला वर्षं लागतात साहेब. आधी धूर येतो, गाडी ऑइल खाते, चढावर रडते. कशेडी हसत चढलेलं इंजिन पुढच्या तासाभरात एकदम म्हातारं कसं झालं?"

मग त्यांनी शागिर्दाला सेल्फ मारायला सांगितलं आणि स्वतः डोळे मिटून ऐकत राहिले. निरोगी इंजिन सेल्फवर एका लयीत फिरतं: घुं-घुं-घुं. प्रत्येक सिलिंडर हवा दाबतो तेव्हा सेल्फला थोडा जोर पडतो, त्याचीच ती लय. आमचं इंजिन नेहमीपेक्षा वेगाने, सळसळत फिरत होतं, अडवणारं काही नसल्यासारखं. आम्ही तो आवाज त्या दिवशी रस्त्यावर दहा वेळा ऐकला होता, पण ऐकला म्हणजे नुसता कानावर पडला होता.

मिस्त्रींनी प्लगपर्यंत करंट येतो का ते पाहिलं. येत नव्हता. "बघा," ते म्हणाले, "करंटही नाही आणि कॉम्प्रेशनही नाही. दोन वेगळ्या बिमाऱ्या एकाच सेकंदाला होत नाहीत. दोन्हींच्या मागे एकच कारण असलं पाहिजे."

त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा हा डबा. आत रोटर नावाचा छोटा तुकडा असतो, इंजिन फिरलं की तोही फिरायला हवा. शागिर्दाने पुन्हा सेल्फ मारला. खाली पुली गरगर फिरत होती आणि रोटर जागचा हलला नाही.

"खालचं इंजिन फिरतंय, वरचं झोपलंय," मिस्त्री म्हणाले. "मधला पट्टा गेला. टायमिंग बेल्ट."

कव्हर काढलं तेव्हा पट्टा दिसला. एका बाजूचे दाते सोलवटून गेलेले आणि सगळा पट्टा ऑइलने चिंब.

आकडा खरा, अर्थ चुकीचा

पेट्रोल इंजिनला चालायला तीन गोष्टी लागतात: हवेत मिसळलेलं पेट्रोल, ते दाबून धरणारं कॉम्प्रेशन आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. पिस्टन खाली-वर करतात ते क्रँकशाफ्टच्या फिरण्याने. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे वाल्व्ह उघडतात ते वरच्या कॅमशाफ्टच्या फिरण्याने. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायलाच हवा. हे गणित सांभाळायला दोघांच्या मध्ये दातेरी रबरी पट्टा असतो, तोच टायमिंग बेल्ट. आमच्या गाडीत डिस्ट्रिब्युटरही कॅमशाफ्टवरच चालतो.

पट्ट्याचे दाते गेले त्या क्षणी कॅमशाफ्ट थांबला. काही वाल्व्ह उघडे राहिले, म्हणून पिस्टन हवा दाबू शकेनात. झाकण उघड्या बाटलीत हवा कशी दाबणार? एका सिलिंडरचे वाल्व्ह योगायोगाने बंद राहिले, तिथे काटा नावापुरता हलला. रोटर थांबला म्हणून ठिणगीही गेली. पहिल्या गॅरेजमध्ये मीटरवर दिसलं ते बरोबर होतं. पण कॉम्प्रेशन रिंगा झिजल्याने जातं, तसं वाल्व्ह उघडे राहिल्यानेही जातं. हा दुसरा प्रश्न तिथे कोणी विचारलाच नाही. आणि ऑइलचा दिवा? किल्ली चालू आणि इंजिन बंद असलं की तो दिवा लागतोच, कारण पंप फिरत नाही आणि दाब नसतो. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी आपण तो पाहतो. आमचं ऑइल उगाचच बदललं गेलं होतं.

एक धास्ती उरली होती. काही इंजिनांची घडण अशी असते की पट्टा तुटला तर वर जाणारा पिस्टन उघड्या वाल्व्हवर आदळतो आणि वाल्व्ह वाकतात. मग हेड उतरवावंच लागतं. डिझेल गाड्यांत हा धोका फार मोठा. आमचं जुन्या घडणीचं, आठ वाल्व्हचं इंजिन, त्यात पिस्टन आणि वाल्व्हच्या मध्ये जागा राहते असं मिस्त्रींचं म्हणणं होतं. "पण माझ्या म्हणण्यावर जाऊ नका," तेच म्हणाले, "मीटर सांगेल."

त्यांनी नवा पट्टा, त्याला ताण देणारा टेन्शनर आणि कॅमशाफ्टचं गळकं ऑइल सील आणवलं. तेवढ्यासाठी सगळं उघडलंच होतं, म्हणून त्याच पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंपही बदलला. खुणा जुळवून पट्टा बसवला. मग सेल्फ न मारता पान्याने हाताने क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवला, कुठे अडतं का ते पाहिलं, खुणा पुन्हा जुळतात का ते पाहिलं. त्यानंतर मीटर लावला. चारही सिलिंडरांत १५० पीएसआयच्या आसपास, एकमेकांत फारसा फरक नाही. रिंगा ठणठणीत होत्या. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. सामान आणि मजुरी मिळून बिल झालं ५ हजार ८०० रुपये.

घरी बसून इतकं कळू शकतं

मिस्त्रींचं सगळं ज्ञान आपल्याकडे असणार नाही. पण त्यांचा क्रम आपण उचलू शकतो. गाडी अचानक बंद पडली की आधी आठवा: ती कशी बंद पडली? झटके खात, अडखळत थांबली तर बहुधा पेट्रोल पोहोचत नाही. एकदम थांबली तर संशय ठिणगी, वायरिंग, सेन्सर किंवा टायमिंग बेल्टवर. गरमचा काटा वर गेला असेल तर काहीही करू नका, इंजिन थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका.

मग एकदा सेल्फ मारा आणि कान द्या. नुसतं टकटक झालं किंवा इंजिन कण्हत फिरलं, तर बॅटरी किंवा तिच्या टर्मिनलची सैल, पांढरी बुरशी आलेली जोडणी पाहा. इंजिन लयीत फिरतं पण पेट घेत नाही, तर पेट्रोल किंवा ठिणगी. विनालय, नेहमीपेक्षा हलकं आणि वेगाने फिरतं, तर टायमिंग बेल्टचा संशय घ्या आणि पुन्हा सेल्फ मारू नका. आम्ही दहा वेळा मारला. दुसऱ्या घडणीचं इंजिन असतं तर तेवढ्याने वाल्व्हची वाट लागली असती.

कार्ब्युरेटर नसलेल्या, इंजेक्शनच्या गाडीत किल्ली चालू केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोलच्या पंपाची साधारण दोन सेकंद घूं अशी गुणगुण येते. रेडिओ, पंखा बंद करून ऐका. ती आली नाही तर पंप बदलण्याआधी त्याचा फ्यूज आणि रिले तपासायला सांगा. रिले म्हणजे काडेपेटीपेक्षाही लहान डबी. फ्यूजबॉक्समध्ये त्याच नंबरची दुसरी असेल तर अदलाबदल करून मिनिटभरात निकाल लागतो. गाडीला सीएनजी बसवलेला असेल तर बटण दाबून पेट्रोलवर करून पाहा. पेट्रोलवर चालली तर इंजिन ठीक, दोष गॅसच्या बाजूला. मात्र गॅसचा किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर माणसं उतरवून लांब न्या. तिथे सेल्फ मारू नका, ठिणगी तपासू नका.

आणखी एक लबाड दुखणं जुन्या गाड्यांना असतं. गरम झाली की बंद पडते, अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. इग्निशन कॉइल किंवा क्रँकचा सेन्सर तापल्यावर दगा देतो, थंड झाला की सुधारतो. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी बरी झालेली असते आणि मिस्त्रीला काही सापडत नाही. अशा वेळी किती किलोमीटरनंतर बंद पडली, किती वेळाने सुरू झाली, हे लिहून ठेवलेलं असलं तर अर्धं काम होतं.

आणि मिस्त्रीला लक्षणं सांगा, निदान सांगू नका. "पंप गेलाय, बदला" म्हटलं तर तो पंप बदलेल. डॉक्टरकडे आपण पोट दुखतं म्हणून जातो, "माझं अपेंडिक्स काढा" म्हणून जात नाही. मोठा खर्च सांगितला तर एकच प्रश्न विचारा: हे तुम्ही कशावरून ठरवलं आणि याचं दुसरं कारण असू शकतं का? चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही. आमच्या मिस्त्रींनी तो प्रश्न स्वतःलाच विचारला होता.

अब्बांची वही

पट्टा तुटला का, याचं उत्तर गाडीतच होतं. सामान काढताना डॅशबोर्डच्या कप्प्यात अब्बांची छोटी वही सापडली. प्रत्येक सर्व्हिसची नोंद. २००९च्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, "५४ हजार कि.मी. टायमिंग बेल्ट नवीन. पुढचा १ लाखाच्या आत." गाडीचं मीटर १ लाख १८ हजारांवर होतं. अब्बा गेल्यावर आम्ही ऑइल बदललं, टायर बदलले, सीट कव्हर बदललं. वही उघडली नाही. रबराला किलोमीटर जसे खातात तशी वर्षंही खातात. गाडी कमी चालली तरी पट्टा म्हातारा होतो, आणि त्यावर ऑइल पडलं तर फारच लवकर.

हे ऑइल कुठून आलं, तेही कळलं. त्या संध्याकाळी मोबाइलमध्ये काही शोधताना भाच्याचा मेसेज दिसला, गाडी परत केली त्या दिवशीचा. "मामू, गाडी उभी असते तिथे पुढच्या बाजूला ऑइलचे डाग पडतायत. गावी जायच्या आधी दाखवून घ्या." खाली आमचं उत्तर होतं, "बरं."

ज्याने आजार आधी ओळखला होता, त्यालाच आम्ही आजाराचं कारण ठरवलं होतं.

आम्ही फोनवर बोललो नाही. पुढच्या रविवारी गाडी घेऊन आपांच्या घरी गेलो आणि ज्यांच्या ज्यांच्याजवळ ते बोललो होतो त्या सगळ्यांना फोन करून, आपांच्या समोरच, खरं काय झालं ते सांगितलं. वाईट बोलणं चार घरांत गेलं असेल तर माफी एका घरात मागून भागत नाही. आपा काही वेळ गप्प होत्या, मग चहा टाकायला उठल्या. भाचा तोवर खाली जाऊन बोनेट उघडून उभा होता. "सील पण बदललं ना मामू?" त्याने विचारलं. बदललं, म्हणून सांगितलं. मग त्याने हात पुसून अब्बांची वही मागितली आणि २००९च्या नोंदीनंतर, कोऱ्या पडलेल्या वर्षांच्या खाली, लिहिलं: "१,१८,४०० कि.मी. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, ऑइल सील, वॉटर पंप नवीन."

वही आता त्याच्याकडेच असते. तुमच्या गाडीची अशी वही नसेल, तर निदान एवढं करा: गाडीला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे मॅन्युअलमध्ये किंवा मिस्त्रींना विचारून पाहा. बेल्ट असेल तर तो शेवटचा कधी बदलला ते शोधा. कोणालाच माहीत नसेल तर तो बदलायची वेळ झाली आहे असं समजा. आणि उद्या सकाळी गाडी काढल्यावर ती उभी होती त्या जागी खाली वाकून एकदा पाहा, डाग आहे का.